बंद पडलेली हार्ड डिस्क आणि हरवलेल्या फायली

संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली म्हणजे तिच्यातील मजकूर नष्ट झाला असे नव्हे. पुष्कळदा मजकूर जागच्या जागी असतो; तुटलेली असते ती त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट. ती पुन्हा जोडता येईल की नाही, हे बिघाड लक्षात आल्यानंतर वापरणारा प्रथम काय करतो यावर बरेचसे अवलंबून असते.

फिरत्या हार्ड डिस्कमध्ये काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकड्या असतात. घरगुती संगणकांत त्या सहसा मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि वाचन-लेखन करणारे हेड त्यांना स्पर्श न करता केवळ काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. हे हेड तबकडीवर टेकले की चुंबकीय थर खरवडला जातो, आणि जो थर भुकटी होऊन गेला, त्यावरील मजकूर कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. म्हणून डिस्कमधून ठरावीक अंतराने ‘टक्‌-टक्‌’ असा किंवा घासल्यासारखा आवाज येऊ लागल्यास संगणक तत्काळ बंद करावा. ‘पुन्हा एकदा चालू करून पाहू’ हा मोह सर्वांत महाग पडतो. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना उपाय अजूनही सांगितला जातो. त्याने तबकडीवर दव साचते, विशेषतः किनारपट्टीच्या दमट हवेत. घरी झाकण उघडणे तर मुळीच नको, कारण धुळीचा कण हेडखालील अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो. हे काम धूळमुक्त कक्षातच होते आणि त्याचा खर्च अनेकदा नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

पावसाळ्यात विजेच्या लपंडावामुळे डिस्कखालचा विद्युत्‌फलक जळण्याचे प्रकार घडतात. तशाच दुसऱ्या डिस्कचा फलक बसविला की काम झाले, ही समजूत आता खरी राहिलेली नाही. त्या विशिष्ट डिस्कची जुळणी फलकावरील एका चिपमध्ये साठविलेली असते, त्यामुळे ती चिपही काढून नव्या फलकावर बसवावी लागते.

डिस्क शाबूत असून फाईल चुकून पुसली गेली असेल, तर आशा अधिक. फाईल पुसताना संगणक केवळ अनुक्रमणिकेतील नोंद काढतो. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर तेथेच राहतो. यास्तव त्या डिस्कवर काहीही नवे साठवू नये, पुनर्प्राप्तीची आज्ञावलीसुद्धा तिच्यावर उतरवू नये. विंडोजने डिस्क फॉरमॅट करण्याविषयी विचारल्यास नकार द्यावा. ‘चेकडिस्क’ही चालवू नये, कारण ती दुरुस्तीच्या नावाखाली त्याच डिस्कवर लिहिते. आधी संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि पुढचे सारे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. ‘डीडीरेस्क्यू’ ही मोफत आज्ञावली प्रथम सुस्थितीतील भाग उचलते व खराब भागांकडे नंतर वळते. प्रतीवरून फायली शोधण्यास ‘टेस्टडिस्क’ आणि ‘फोटोरेक’ उपयोगी पडतात.

एसएसडीची गोष्ट वेगळी. तेथे ‘ट्रिम’ नावाची सोय पुसलेल्या फाईलची जागा रिकामी झाल्याचे डिस्कला कळविते आणि डिस्क ती स्वतःहून स्वच्छ करते. मग शोधण्यासारखे काही उरत नाही. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्लीवाचून वाचविलेला मजकूरही निरुपयोगी ठरतो.

किती टोकाच्या अवस्थेतून मजकूर परत येऊ शकतो, याचे उदाहरण कोलंबिया यानाचे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांना घेऊन परतणारे हे यान टेक्सासच्या आकाशात विखुरले. अवशेषांत झेनॉन वायूवरील एका प्रयोगाची जळून काळवंडलेली हार्ड डिस्क सापडली. तबकड्यांचा नोंदी असलेला भाग बचावला होता. त्या स्वच्छ करून नव्या यंत्रणेत बसविल्यावर सुमारे ९९ टक्के मजकूर मिळाला आणि २००८ मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मराठी मजकुराबाबत आणखी एक अडचण येते, ती दुकानदाराच्या सहसा ध्यानात येत नाही. युनिकोडपूर्व काळात छापखाने, नियतकालिके आणि संस्था श्रीलिपी, आकृती यांसारख्या संचांत टंकन करीत. असा फाँट नसलेल्या संगणकावर ती फाईल उघडली, की रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक सरमिसळ दिसते. फोटोरेक मूळ नावेही परत देत नाही. हाती येतात ते केवळ क्रमांक. परिणामी नाटकाची संहिता किंवा देवस्थानचे जुने इतिवृत्त ‘बिघडलेली फाईल’ म्हणून टाकून दिले जाण्याचा धोका असतो. डिस्क सोपविताना मजकूर मराठीत असल्याचे व तो कोणत्या फाँटमध्ये होता हे लिहून द्यावे, आणि मिळालेल्या सर्व फायली न निवडता जशाच्या तशा मागून घ्याव्यात.