बंदुकीचा ‘चोक’ म्हणजे काय? कोणत्या काडतुसाला कोणता चोक योग्य?

नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुका जंगलाला लागून आहे. रानडुकरे पिकात शिरणे ही इथली जुनी डोकेदुखी. शस्त्र नियम २०१६ नुसार पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळू शकतो. ही बंदूक १२ बोअरची असेल, तर काडतूस भरण्याआधी नळीचा चोक माहीत असायलाच हवा.

चोक म्हणजे काय?
१२ बोअरच्या नळीचा आतला व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. तोंडाजवळ तो किंचित अरुंद केलेला असतो, त्यालाच चोक म्हणतात. चोकमुळे बंदुकीची ताकद वाढत नाही. छर्रे किती पसरतील एवढेच ठरते.

सुमारे ३६ मीटरवर ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात साधारण इतके छर्रे लागतात:
- सिलिंडर (चोक नाही): ४० टक्के
- हाफ चोक: ६० टक्के
- फुल चोक: ७० टक्के

कशाला कोणता?
- बारीक शिशाचे छर्रे: कोणताही चोक चालतो. अंतर जास्त असेल तर फुल, जवळ असेल तर मोकळा. म्हणूनच नेमबाजीत ट्रॅपला घट्ट आणि स्कीटला मोकळा चोक लावतात.
- एलजी, एसजीसारखे मोठे छर्रे: घट्ट चोकमध्ये ते एकमेकांवर दाबून वेडेवाकडे होतात. हाफ किंवा त्याहून मोकळा चोक बरा.
- स्टीलचे छर्रे: शिशासारखे दबत नाहीत. हाफपेक्षा घट्ट चोक टाळावा. जुन्या बंदुकीत ते वापरूच नयेत.
- एकच गोळी (स्लग): सिलिंडर किंवा त्याच्या जवळपासचा मोकळा चोक. नळीत घट्ट बसणारी गोळी फुल चोकमध्ये अडकली, तर नळी फुगू किंवा फुटू शकते.

चोक कसा ओळखायचा?
बदलता येणाऱ्या अनेक चोकवर ताऱ्यांची खूण असते. एक तारा म्हणजे फुल, तीन म्हणजे हाफ; तारे जितके कमी, तितका चोक घट्ट. जुन्या दुनळी बंदुकीत बऱ्याचदा दोन नळ्यांचे चोक वेगवेगळे असतात. खूण दिसत नसेल तर अंदाज न बांधता परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून मोजून घ्यावे. काडतुसाच्या खोक्यावरील सूचनाही वाचाव्यात.

हे विसरू नका
बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. पिकाचे नुकसान होत असले तरी रानडुक्कर मारण्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अधिकृत वन अधिकाऱ्याची परवानगी लागते.