किल्ल्यातले गाणे

ठाण्याच्या तुरुंगाच्या दगडी भिंतीजवळून आपण कितीदा तरी जातो. पण हा तुरुंग पूर्वी किल्ला होता आणि पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे तेथे कैदेत होते, हे पुष्कळ भगिनींना ठाऊक नसेल.

१८१५ साली पंढरपूरला गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा खून झाला. इंग्रजांनी ठपका त्रिंबकजींवर ठेवला आणि दुसऱ्या बाजीरावाला त्यांना स्वाधीन करावे लागले. फितुरी नको म्हणून पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई ठेवले. त्यांना आपली भाषा कुठून कळणार?

असे सांगतात की, एका मराठी मोतद्दाराने किल्ल्यातील साहेबाकडे चाकरी धरली. घोड्यांची निगा राखता राखता तो खिडकीखाली गाणी म्हणे. सुटकेचा बेत त्या गाण्यांतूनच कैद्याला समजला. १२ सप्टेंबर १८१६ रोजी त्रिंबकजी निसटले!

हे वाचून मला माझी आजी आठवली. सासूपुढे ती ब्र काढीत नसे. पण जात्यावर बसली की सारे गाऱ्हाणे ओवीत सांगे. ओवीवर रागावणार कोण? शेजारणीला मात्र सगळे कळे.

पुढे त्रिंबकजींनी इंग्रजांविरुद्ध फौज जमविली. १८१८ साली ते पुन्हा सापडले. मग त्यांना दूर गंगाकाठच्या चुनारगडावर ठेवले. तेथे खिडकीखाली मराठी गाणे कधी ऐकू आले असेल का, हा विचार मनातून जात नाही.