उशीर का झाला?

भाजी आणायला गेलेला मी तासभर उशिरा परतलो, की घरी जबानी द्यावी लागते. म्हणून होमरच्या ओडिसियसबद्दल मला भारी आपुलकी! ट्रॉयची लढाई १० वर्षं, अन् तिथून इथाकाला पोचायला आणखी १०. हिशेब मांडला तर त्यातली ७ कॅलिप्सोकडे आणि १ सर्सीकडे! बायकोला सांगायचं काय? पण कॅलिप्सो अमर करते म्हणाली, तरी हा गडी किनाऱ्यावर बसून घरासाठी रडायचा. निघताना १२ गलबतं, परतला एकटाच. पेनेलोपीनं मुद्दामच पलंग बाहेर काढायला सांगितला. हा भडकला : जमिनीत मुळं असलेल्या ऑलिव्हच्या बुंध्यावर स्वतः बांधलेला पलंग हलेल कसा? तेव्हा कुठं तिला खूण पटली. आमच्याकडे पिशवीतली कोथिंबीर तपासतात, इतकाच फरक!