घोड्यांच्या कामात करिअर करायचंय? आधी ११ वीचे विषय बघा, मग रस्ता निवडा

चंद्रपूर/गडचिरोली : आपल्या धानपट्ट्यात घोडा दिसतो तो बहुतेक लग्नाच्या वरातीत. तरी मोबाइलवर सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचे व्हिडिओ पाहून 'मला घोड्यांचंच काम करायचं' म्हणणारा एखादा पोरगा किंवा पोरगी गावात निघतेच. आवड चांगली आहे. पण तिच्यावर पैसा आणि वर्षं लावण्याआधी काम कुठं मिळतं, त्यासाठी काय शिकावं लागतं, हे घरच्यांनी समजून घेतलेलं बरं.

काम आहे, पण जिल्ह्याबाहेर

२०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टू मिळून सुमारे ३ लाख ४० हजार निघाले. २०१२ मध्ये ते सव्वासहा लाख होते. म्हणजे सात वर्षांत जवळपास निम्मे कमी झाले. मुंबईत मौजेसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्याही २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. राज्यात आता घोड्यांचं काम आहे ते पुणे आणि मुंबईच्या रेसकोर्सवर, पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर, रायडिंग क्लबमध्ये आणि माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीच्या पर्यटनात. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीला मोठा बाजार भरतो, पण तो काही दिवसांचा.

म्हणून शिक्षण असं घ्यावं की त्यात घोडाही येईल आणि गाय, बैल, शेळीही. घोड्याचं काम नाही जमलं तरी आपल्या तालुक्यात पोट भरता आलं पाहिजे.

पहिला रस्ता : पशुवैद्यकीय पदवी

बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची आहे. १२ वीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होतो. आपल्याला सगळ्यात जवळचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून सुरू आहे. मुंबई, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथंही शासकीय महाविद्यालयं आहेत. ही सगळी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे, म्हणजे 'माफसू'कडे येतात.

पदवीनंतर घोड्यांचा डॉक्टर होता येतं, पशुसंवर्धन विभागात जाता येतं, वन्यजीवांकडेही वळता येतं. ताडोबा आणि कमलापूरचा हत्ती कॅम्प ज्या भागात आहे, तिथल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरा रस्ता : सैन्य

सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये घोडे, खेचरं आणि कुत्रे सांभाळले जातात. तिचं प्रशिक्षण केंद्र मेरठला आहे. १२ वीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी असलेल्या मुलांसाठी 'नर्सिंग असिस्टंट व्हेटर्नरी' हा भरतीचा गट असतो. आपल्याकडे भरतीला पळणारी मुलं बरीच आहेत, पण फॉर्म भरताना या गटाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. वयाची आणि गुणांची अट त्या वर्षीच्या जाहिरातीतच वाचावी.

तिसरा रस्ता : हाताचं काम

मोतद्दार म्हणजे घोड्याची देखभाल करणारा. खरारा, चारा-दाणा, तबेल्याची सफाई हे त्याचं रोजचं काम. पहाटे उठावं लागतं आणि सणावारालाही सुट्टी नसते. नालबंदाचं कसब याहून वेगळं. घोड्याचे खूर वाढत राहतात, त्यामुळे साधारण चार ते सहा आठवड्यांनी खूर छाटून नाल नव्यानं बसवावी लागते. हे काम जाणत्याच्या हाताखाली राहूनच येतं. जॉकी व्हायचं तर अंगकाठी हलकी लागते, वजन साधारण ५० किलोच्या आसपास. उंच, भरल्या अंगाच्या मुलानं त्यामागे लागू नये.

धोका माहीत असू द्या

लाथ आणि चावा हे रोजचे धोके. घोड्याच्या तबेल्यात धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून काम करणाऱ्यानं धनुर्वाताची लस घेतलेली हवी. ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो. तो निघाला तर जनावर कायद्याने मारावं लागतं. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून चुकीचा चारा पोटात गेला की पोटशुळानं तो काही तासांत दगावू शकतो. 'बघू उद्या' म्हणणाऱ्याचं हे काम नाही.

फसू नका

'तीन महिन्यांत जनावरांचे डॉक्टर व्हा' अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणी झालेला पदवीधरच पूर्ण उपचार करू शकतो. पदविकाधारकाला त्याच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात. शेत गहाण टाकून फी भरण्याआधी ती संस्था माफसूशी संलग्न आहे का, हे विद्यापीठाच्या यादीत स्वतः बघा. दलालाच्या कागदावर जाऊ नका.

आत्ता काय करायचं

- १० वीनंतर विज्ञान घेत असाल तर जीवशास्त्र सोडू नका. ते सुटलं की पदवी आणि सैन्यातला नर्सिंग असिस्टंट, दोन्ही दारं बंद होतात.
- राखीव गटातल्या मुलांनी जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज ११ वीतच कॉलेजमार्फत करावा. निकालानंतर धावपळ केली तर जागा हातची जाते.
- सुट्टीत १५ दिवस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांची परवानगी घेऊन बसा. शेण, रक्त आणि वास सहन होतो का, ते तिथंच कळेल.
- घोडा कधी हाताळला नसेल तर आधी वरातीचा घोडा पाळणाऱ्याकडे आठवडाभर खरारा करून बघा. त्यानंतरही पहाटे उठून जावंसं वाटलं, तर आवड खरी आहे.