बाजीरावाचा नातू नक्की कोण होता?

हा भाग ऐकायला वेळ नाही, वाचायला आहे, अशा सगळ्यांसाठी नेहमीप्रमाणे लिखित रूप. बोलताना घेतलेले श्वास आणि मागच्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात, बाकी मजकूर तोच.

आपल्या घरात एक वाक्य प्रत्येकाने एकदा तरी ऐकलेलं असतं. रविवारी सकाळी अकरापर्यंत लोळत पडलात, चहा हातात आणून द्या म्हणालात, की आई किंवा आजी म्हणते, "तू काय बाजीरावाचा नातू लागून गेलास का?" म्हणजे आयतं खाणारा, लाडावलेला, काम न करणारा. तर आज प्रश्न साधा आहे. बाजीरावाला खरंच नातू होते. ते कोण होते? आणि ते खरंच असे लोळत होते का?

मी दिवसभर डेटाबेसमध्ये डोकं घालून बसणारा माणूस आहे, त्यामुळे मला हा प्रश्न इतिहासाच्या आधी डेटाचा वाटतो. एकाच नावाच्या दोन नोंदी आल्या की सिस्टिम गोंधळते. पेशव्यांच्या घराण्यात तर हा गोंधळ पिढ्यानुपिढ्या आहे. दोन बाजीराव, दोन माधवराव, दोन चिमाजी अप्पा, दोन नानासाहेब. रीलमध्ये एकाचं चित्र, दुसऱ्याची तारीख आणि तिसऱ्याचा पराक्रम असं सर्रास दिसतं.

नावं परत का यायची?

कारण आपल्याला माहीत आहे, आपल्याच घरात बघा. नातवाला आजोबांचं नाव. श्रीवर्धनच्या भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ. त्यांचा मुलगा बाजीराव. बाजीरावाच्या मुलाचं नाव पुन्हा बाळाजी. हाच बाळाजी म्हणजे नानासाहेब पेशवे. बाजीरावाचा दुसरा मुलगा रघुनाथराव, आपले राघोबादादा. त्यांनी आपल्या मुलाचं नाव ठेवलं बाजीराव. त्याच्या धाकट्या भावाचं नाव पडलं चिमाजी. मोठ्या बाजीरावाच्या धाकट्या भावाचं नावही चिमाजीच होतं. म्हणजे जोडीच्या जोडी पुन्हा आली.

त्यात घरात हाक मारायची नावं वेगळी. नाना, भाऊ, दादा, अप्पा, राव. हीच नावं पुढे इतिहासात गेली. त्यामुळे 'नाना' म्हटलं की नानासाहेब पेशवे की नाना फडणवीस, हा आणखी एक घोळ. गंमत म्हणजे नाना फडणवीसांचं खरं नावही बाळाजीच, बाळाजी जनार्दन.

मग त्या काळात लोक ओळखायचे कसे? उत्तर एकदम सोपं आहे. वडिलांचं नाव. मोठा बाजीराव म्हणजे बाजीराव बल्लाळ, बाळाजीचा मुलगा. धाकटा म्हणजे बाजीराव रघुनाथ. थोरले माधवराव म्हणजे माधवराव बल्लाळ, आणि सवाई माधवराव म्हणजे माधवराव नारायण. आमच्या भाषेत याला कंपोझिट की म्हणतात. एका रकान्याने ओळख पटत नसेल तर दोन रकाने जोडायचे. पहिला बाजीराव, दुसरा बाजीराव हे नंबर नंतर इतिहास लिहिणाऱ्यांनी लावले. जिवंतपणी स्वतःला कोण 'पहिला' म्हणवून घेणार?

आता नातू मोजू

बाजीराव बल्लाळ वारले २८ एप्रिल १७४० ला, नर्मदेकाठी रावेरखेडीला, वयाच्या चाळिशीत. खाली ज्या सहा नातवांची नावं घेतोय त्यांच्यापैकी एकानेही आजोबांना पाहिलं नव्हतं. सगळे नंतर जन्मले. लक्षात ठेवा, पुढे हे महत्त्वाचं आहे.

पहिला नातू विश्वासराव, नानासाहेबांचा थोरला. १४ जानेवारी १७६१, पानिपत. गोळी लागून गेला. वय अठरा.

दुसरा माधवराव. पानिपतानंतर काही महिन्यांत वडील गेले आणि सोळाव्या वर्षी पेशवाई गळ्यात पडली. तिजोरी रिकामी, घरात काका राघोबादादांशी भांडण, बाहेर निजाम आणि हैदर. १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाला हरवलं, घडी पुन्हा बसवली. १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेला. वय सत्तावीस. तुम्हाआम्हाला त्या वयात दुसरं प्रमोशन मिळालेलं नसतं.

तिसरा नारायणराव. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गारद्यांनी कापून काढला. वय पुन्हा अठरा.

चौथा नातू बऱ्याच जणांच्या यादीत नसतोच. अली बहादूर. बाजीराव आणि मस्तानीचा मुलगा समशेर बहादूर, तो पानिपताच्या लढाईत जखमी होऊन नंतर गेला. त्याचा मुलगा अली बहादूर. त्याने बुंदेलखंडात बांद्याला आपलं राज्य उभं केलं आणि १८०२ मध्ये कालिंजरच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला असताना तो वारला. म्हणजे हाही लोळत नव्हता.

पाचवा बाजीराव रघुनाथ आणि सहावा चिमाजी. या दोघांसाठी थोडं थांबू.

दोन बाजीराव, वय वर्षं वीस

धाकट्या बाजीरावाला आपण 'पळपुटा' म्हणून मोकळे होतो. पण दोघांची विशीपर्यंतची कहाणी शेजारी ठेवून बघा.

बाजीराव बल्लाळ जन्मले १७०० साली. पोरवयात वडिलांबरोबर मोहिमांवर. १७१९ मध्ये मराठी फौज दिल्लीत होती तेव्हा हे वडिलांबरोबर तिथे होते. बादशाही आतून किती पोकळ झालीय हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. १७२० मध्ये वडील वारले आणि शाहू महाराजांनी या विशीच्या पोराला पेशवाई दिली.

बाजीराव रघुनाथ जन्मला जानेवारी १७७५ मध्ये, धारला. वडील राघोबादादा तेव्हा पळतीवर होते. नारायणरावाच्या खुनाचा ठपका त्यांच्यावर होता, रामशास्त्र्यांनी त्यांना दोषी ठरवलं होतं आणि बारभाईंची फौज मागे लागली होती. मार्च १७७५ मध्ये तर त्यांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. अशा माणसाच्या घरी जन्मलेल्या मुलाला आजोबांचं नाव मिळालं. मला तरी यात नुसतं प्रेम दिसत नाही, गादीवरचा हक्कही दिसतो. मूल पाळण्यात आणि नाव पालखेडच्या विजेत्याचं.

राघोबादादा १७८३ मध्ये गेले. त्यानंतर हा मुलगा नजरकैदेत वाढला. आधी नाशिकजवळ आनंदवल्लीला, मग जुन्नरला. मोहीम नाही, फौज नाही, कारभार नाही. ज्या वयात आजोबांना पेशवाईची वस्त्रं मिळाली त्या वयात नातू पहाऱ्यात बसला होता.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून वारले, वय एकवीस. त्यांच्या नावातलं 'सवाई' बघा. सव्वापट. थोरल्या माधवरावांपेक्षा पाव भाग जास्त! वय चाळीस दिवस असताना त्यांना पेशवाईची वस्त्रं दिली गेली. जन्माआधीच वडील मारलेले, आणि पाळण्यातच सव्वापट व्हायची अपेक्षा. नावाचं ओझं म्हणतात ते हे.

मग गादी कुणाची? नाना फडणवीसांना राघोबादादांचा मुलगा नको होता. म्हणून त्यांनी धाकट्या चिमाजीला सवाई माधवरावांच्या विधवा पत्नी यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक दिलं आणि १७९६ मध्ये पेशवा केलं. आता नातं काढा. चिमाजी हा नारायणरावाचा चुलत भाऊ. म्हणजे सवाई माधवरावांचा काका. काका पुतण्याचा मुलगा झाला! त्याच वर्षाच्या शेवटी बाजीराव गादीवर आला आणि शास्त्रीमंडळींनी तो दत्तकच बेकायदा ठरवला. कोवळ्या पोराचा काही महिन्यांत आधी मुलगा झाला, मग पेशवा, मग काहीच नाही. आज 'चिमाजी अप्पा' शोधलंत तर हा दुसरा चिमाजी सापडायला बरंच खाली जावं लागतं. पहिल्या चिमाजीने १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, त्या तेजात हा पुरता झाकला गेला.

आणि वसईच पुन्हा येते. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशवा आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव रघुनाथ पुण्यातून निघाला आणि शेवटी इंग्रजांच्या आसऱ्याला वसईला पोचला. ३१ डिसेंबर १८०२ ला तिथे त्याने तह केला. इंग्रजांची फौज कायमची पदरी घ्यायची आणि खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख द्यायचा. एका चिमाजीने रक्त सांडून घेतलेल्या जागी, त्रेसष्ट वर्षांनी, एका बाजीरावाने स्वातंत्र्य सहीने दिलं.

इथे मी त्याची वकिली करत नाहीये. हा निर्णय त्याचा होता. पुढे त्रिंबकजी डेंगळे आणि गंगाधरशास्त्री प्रकरणात कारभाराची जी अब्रू गेली तीही त्याच्याच काळात. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला बापू गोखले लढत होते आणि पेशवा पर्वतीवरून बघत होता. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण लागलं. जून १८१८ मध्ये तो माल्कमच्या स्वाधीन झाला. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याला मोजायचं तर बाजीराव रघुनाथ म्हणून मोजू. 'बाजीरावासारखा नाही' हा निकाल त्याच्या नावाने आधीच लिहून ठेवला होता, आणि ते नाव त्याने स्वतः निवडलेलं नव्हतं.

जिथे कंपोझिट कीसुद्धा फेल जाते

आता माझा आवडता भाग. एक प्रश्न घ्या. बाजीरावाचा मुलगा नानासाहेब, हा कोण?

एक उत्तर, बाळाजी बाजीराव. १७४० ते १७६१ पेशवा, पर्वतीचं देऊळ बांधणारा, कात्रजहून पुण्यात पाणी आणणारा. उत्तर बरोबर.

दुसरं उत्तर, धोंडोपंत. कर्जतजवळच्या वेणगावात जन्मलेला मुलगा. बाजीराव रघुनाथ वर्षाला आठ लाखांचं पेन्शन घेऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला, राहत होता. १८२७ मध्ये त्याने या मुलाला दत्तक घेतलं. हाही बाजीरावाचा मुलगा नानासाहेब. हेही उत्तर बरोबर!

नाव सारखं, वडिलांचं नाव सारखं, आडनाव सारखं. दोघांच्या जन्मात मात्र शंभर वर्षांचं अंतर. १८५१ मध्ये बाजीराव वारला, पेन्शन बंद झालं, डलहौसीने ते पुढे चालवायला नकार दिला. १८५७ मध्ये कानपूरला हा नानासाहेब पेशवा म्हणून उभा राहिला. आणि त्याच उठावात बांद्याचा नवाबही उतरला. त्याचं नाव? अली बहादूर. आपल्या चौथ्या नातवाचा नातू. त्यालाही आजोबांचंच नाव मिळालं होतं. एक पुण्याची शाखा, एक मस्तानीची शाखा, धर्म वेगळे, पण नाव ठेवायची रीत तीच, आणि दोन्ही शाखा एकाच लढाईत संपल्या. नवाबाची गादी गेली, त्याला इंदूरला ठेवलं.

नानासाहेब मात्र नेपाळच्या तराईत नाहीसा झाला. इंग्रजांनी त्याच्या डोक्यावर एक लाखाचं बक्षीस लावलं होतं. मग काय, 'नानासाहेब' जागोजागी सापडायला लागले. १८७४ मध्ये ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांनी एकाला पकडून इंग्रजांच्या ताब्यात दिलं, चौकशी झाली आणि तो नानासाहेब नाही असं ठरलं. विचार करा, फोटो नाही, ठसे नाहीत, आधार नाही. एका नावावर एक लाख रुपये, आणि ते नाव आपलं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावर. नाव चुकीच्या माणसाला चिकटलं की जीव जाऊ शकतो. आज आपण रीलमध्ये चूक करतो तेव्हा फक्त कमेंट येतात, एवढंच आपलं नशीब.

तर मग

बाजीरावाचे सहा नातू. एक पानिपतावर, एक क्षयाने, एक वाड्यात तुकडे होऊन, एक वेढ्याच्या तळावर, एक काही महिन्यांचा पेशवा होऊन विस्मरणात, आणि एक राज्य घालवून बिठूरला. आयतं बसून खाल्लंच असेल तर या शेवटच्याने, आणि तेही राज्य गेल्यावर. म्हण मात्र सगळ्यांच्या वाट्याला आली.

म्हणून एक सवय लावून घ्या. कुठेही पेशव्यांचं नाव दिसलं, पुस्तकात असो की व्हॉट्सॲपवर, आधी विचारा, कुणाचा? बल्लाळ की रघुनाथ? आणि नानासाहेब असेल तर बाळाजी की धोंडोपंत? दोन सेकंदांचा प्रश्न आहे, पण त्यानेच एका नावाखाली दबलेला दुसरा माणूस वर येतो.

तुमच्या घराण्यात आजोबा-नातवाचं एकच नाव असेल तर ते नाव कुणी ठेवलं आणि का, हे घरात विचारून बघा, आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू. आणि रविवारी अकरापर्यंत लोळताना कुणी टोमणा मारलाच, तर उठून बसा आणि विचारा, "सहांपैकी कुठला?"