कागदावरचा जांभळा ठसा

तुम्ही कागदाला हात लावता तेव्हा त्यावर तुमच्या घामाचा अंश राहतो. काचेवरचा ठसा पूड भुरभुरली की दिसतो, कारण घाम आणि तेलकटपणा वरच असतो. कागद मात्र तो शोषून घेतो. मग पूड चिकटणार कशाला? आयोडीनच्या वाफेने ठसा उमटे, पण लवकर पुसट होई. सिल्व्हर नायट्रेट घामातल्या मिठावर काम करते, पण मीठ कागदात हळूहळू पसरते आणि रेषा अस्पष्ट होतात. धमकीचे जुने पत्र हाती आले तरी ते कोणी हाताळले हे कळणे म्हणूनच कठीण होते.

उत्तर घामातच होते. बोटांच्या टोकांवर तेलग्रंथी नसतात, घामग्रंथी मात्र दाटीने असतात. घामात पाणी आणि मिठाबरोबर अत्यल्प अमिनो आम्लेही असतात. पाणी उडून जाते. अमिनो आम्ले कागदाच्या तंतूंना धरून राहतात, तेही वर्षानुवर्षे. मात्र कागद भिजला तर ती धुऊन जातात.

१९१० मध्ये केंब्रिजमध्ये सिगफ्रीड रूहेमान यांनी निनहायड्रिन हे रसायन तयार केले. अमिनो आम्लांशी संयोग होताच ते जांभळे होते, हेही त्यांनीच नोंदवले. पुढे प्रयोगशाळांमध्ये ते अमिनो आम्ले ओळखायला सर्रास वापरले जाऊ लागले. उघड्या हातांनी कागद धरला तर बोटांचे जांभळे डाग पडत. तिथे ती फक्त कटकट होती! हा डाग म्हणजेच पुरावा, हे १९५४ मध्ये ओडेन आणि फॉन हॉफ्स्टेन या स्वीडिश संशोधकांनी मांडले. मधे ४४ वर्षे गेली होती.

आता वैद्यकाकडे या. १९५८ मध्ये स्वीडनचेच हाताचे शल्यचिकित्सक एरिक मोबर्ग यांनी हीच परीक्षा रुग्णांसाठी वापरली. घामग्रंथी मज्जातंतूंच्या हुकमावर चालतात. बोटाची नस तुटली की घाम थांबतो आणि कागदावर जांभळे ठिपके उमटत नाहीत. पोलीस ठसा उमटण्याची वाट पाहतात; डॉक्टरांना न उमटलेला ठसाही बरेच सांगून जातो.

म्हणून लक्षात ठेवा: काच किंवा सुरीने हात कापल्यावर एखादे बोट बधिर आणि कोरडे वाटले, तर जखम लहान असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.