मेळ न बसणारा चौकोन

नागपूरच्या झिरो माईलच्या चार घोड्यांपाशी उभे राहा. शेजारच्या षट्कोनी खांबावर कोरलेले आकडे वाचा: जबलपूर 170 मैल, हैदराबाद 318. आता काळ मागे सरकू द्या. मेट्रोचे खांब जातात, मग डांबर, मग आगगाडी, आणि जानेवारी 1823 मध्ये तुम्ही नागपूरच्या दक्षिणेला हिंगणघाटच्या छावणीत पोचता.

पहाटेची बोचरी थंडी आहे. विल्यम लॅम्टन मद्रासकडून देश मोजत आला, नागपूरला निघाला होता, आणि इथेच त्याचा शेवट होणार आहे. मोजणीचे खलाशी ओझ्यांजवळ बसून आहेत. तुम्ही त्याच्या मोजणीतला एक त्रिकोण घ्या आणि तिन्ही कोनांची बेरीज करा. ती 180 अंशांहून किंचित जास्त येते, सुमारे 200 चौरस किलोमीटरमागे एक सेकंद. ही चूक नव्हे. जमीन गोल आहे, आणि बेरीज तेच सांगते आहे. अर्धा टन वजनाच्या थिओडोलाइटने लॅम्टनने वक्रता पकडली होती.

आता स्वतः चाला. हातात एक काठी धरा आणि ती आधीच्या दिशेला शक्य तितकी समांतर ठेवा. एक छोटं पाऊल पूर्वेला, मग एक उत्तरेला. परत या, आणि आधी उत्तरेला, मग पूर्वेला जा. वक्र जागेत काठी थोडी वळते, पण अगदी लहान चौकोन तरीही मिटतो. समजा, तो मिटलाच नाही. दोन वाटांच्या टोकांत फट राहिली, आणि ती चौकोनाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढत गेली. कुठलाही मोजणीदार म्हणेल, मेळ बसत नाही, पुन्हा मोजा.

1922 साली पॅरिसमध्ये गणिती एली कार्तान म्हणाला, पुन्हा मोजायची गरज नाही. ही फट जागेचाच गुण असू शकते. तिला पीळ म्हणा, टॉर्शन म्हणा. आइन्स्टाइनने 1915 च्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात ती शून्य धरली होती. शून्य सिद्ध केलेलं नव्हतं, नुसतं धरलेलं होतं. वक्रता वस्तुमानामुळे येते, तर पीळ कशामुळे? इलेक्ट्रॉनची स्वतःची फिरकी, स्पिन, तोवर कुणाला ठाऊक नव्हती. ती 1925 मध्ये सापडली. मग 1961 मध्ये मद्रासला जन्मलेला टॉम किबल, आणि त्याच सुमारास डेनिस शियामा, या भौतिकशास्त्रज्ञांनी दोन्ही धागे जोडले: वस्तुमान जागा वाकवतं, फिरकी तिला पीळ देते.

आता पुन्हा नागपूर. साल 1974, शहरात इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन, आणि अध्यक्षपदी भूमितीचे अभ्यासक आर. एस. मिश्रा. आइन्स्टाइनच्या ज्या एकीकृत क्षेत्र सिद्धांतावर त्यांनी काम केलं, त्यातही पिळाला जागा आहे. मांडवातून बाहेर या आणि तीन वर्षांपूर्वीचा फ्रीडरिश हेल आणि बी. के. दत्ता यांचा निबंध उघडा. मला या सगळ्या कथेत सगळ्यात सुंदर वाटतं ते इथे आहे. कार्तानचा पीळ प्रवास करत नाही. जिथे फिरकी असलेला पदार्थ, तिथेच तो, आणि मोकळ्या जागेत शून्य. म्हणून समीकरणांतून पीळ साफ काढून टाकता येतो, पण जाताना तो इलेक्ट्रॉनचं वर्णन करणाऱ्या डिरॅकच्या समीकरणात एक नवं पद सोडून जातो, ज्यात इलेक्ट्रॉनचं क्षेत्र तीनदा गुणलेलं आहे. अर्थ असा, की इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन असे पदार्थाचे सगळे कण, म्हणजे फर्मियॉन, एकाच ठिकाणी आले की एकमेकांना थेट जाणवतात. गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांकच या नात्याचा जोर ठरवतो, म्हणून ते विलक्षण क्षीण असतं. पिळाच्या इतर सिद्धांतांत अट सैल होते. काहींत पीळ लाटेसारखा दूर जातो, तर काहींत वक्रता शून्य धरून सगळं गुरुत्वाकर्षण पिळावरच सोपवलेलं असतं.

मग हे नातं जोरात कुठे येणार? अणुकेंद्रात घनता एका घनसेंटिमीटरला 10 च्या 14 व्या घाताइतके ग्रॅम असते. न्यूट्रॉनांसाठी पिळाला 54 वा घात लागतो. एवढी दाटी एकाच ठिकाणी झाली असावी, विश्वाच्या आरंभी. चला तिकडे.

नागपूर, पृथ्वी, आकाशगंगा, सगळं उलटं मिटत येतं. भौतिकशास्त्रज्ञ आंद्झेय ट्राउटमनने 1973 मध्ये हिशेब मांडला: 10 च्या 80 व्या घाताइतके न्यूट्रॉन, सगळ्यांची फिरकी एका दिशेला. तुमच्याभोवतीचं विश्व आकुंचन पावतं आणि त्रिज्या साधारण 1 सेंटिमीटर उरली की थांबतं, मग पुन्हा उघडतं. फिरकीच्या घनतेचा वर्ग आकुंचनाविरुद्ध उभा राहतो. वर्ग असल्यामुळे फिरक्या विस्कटलेल्या असल्या तरी तो पूर्ण नाहीसा होत नाही. शून्य आकाराच्या बिंदूपर्यंत जावं लागत नाही.

पण ट्राउटमनचं विश्व सगळ्या बाजूंनी सारखं मिटतं. खरं विश्व एका बाजूने जास्त वेगाने मिटत असेल तर? आकार घटत जातो तसा पिळाचा प्रतिकार त्याच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो आणि ही असमानताही त्याच प्रमाणात. दोघांत जो आधीपासून मोठा, तो शेवटपर्यंत मोठा राहतो. म्हणून 1 सेंटिमीटरची वाट पाहू नका. त्याच्या खूप आधी, जागा अजून ऐसपैस असतानाच, तीन दिशांना मिटण्याचे वेग वेगवेगळे मोजून ठेवा.